नदीकाठचे साडेसहाशे मीटर

नोकरीच्या काळात मी दोन पूल बांधले, पाण्याची एक टाकी बांधली, रस्ते किती केले ते आता आठवायचं म्हटलं तरी जमत नाही. निरोप समारंभात भाषणं झाली त्यात पुलांचा उल्लेख आला, टाकीचा आला. फूटपाथचं नाव कुणी काढलं नाही. माझी चार वर्षं, रक्तदाबाची गोळी आणि एक कारणे दाखवा नोटीस, हे सगळं त्या फूटपाथपायी. पूल बांधणं सोपं असतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पूल जिथं बांधायचा तिथं आधी कुणी बसलेलं नसतं. फूटपाथची जागा मात्र कुणीतरी आधीच घेतलेली असते, आणि ज्यानं घेतली त्याच्याकडं तसं करायला चांगलं कारणही असतं.

ज्या ऑफिसात मी होते त्याचं नाव इथं लिहीत नाही. रस्ते, गटारं, पूल करणारं सरकारी ऑफिस, एवढं पुरे. मी फुलंब्रीकडची, शेतकऱ्याची मुलगी. डिप्लोमा करून कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून बाहेर पडले, आता गारखेड्यात राहते. बाकी चरित्र सांगण्यासारखं नाही.

खाम नदीच्या काठानं, एका जुन्या दगडी पुलापासून खाली, एक रस्ता जायचा. त्याला आम्ही वखार रोड म्हणायचो. एका अंगाला नदी. नदी म्हणजे पावसाळ्यापुरती नदी, बाकी वर्षभर काळं पाणी आणि वास. दुसऱ्या अंगाला लाकडाच्या वखारी, ट्रकच्या बॉड्या बांधणारी वर्कशॉपं आणि टोकाला बर्फाचा कारखाना. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर शहरात बरंच काही मोडलं, बरंच नव्यानं उभं राहिलं. त्या वर्षांत गावाबाहेर नदीला लागून जागा मिळाली म्हणून या वखारी तिथं बसल्या. मग शहर वाढत वाढत त्यांच्या पुढं निघून गेलं आणि गावाबाहेरचा रस्ता गावाच्या मधोमध आला.

बर्फाच्या कारखान्यापलीकडं एक बंद पडलेली जिनिंग मिल होती. ती पाडून तिथं तीन उंच इमारती उभ्या राहिल्या. जाहिरातीत नदी निळी दाखवली होती. लोक राहायला आले, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि अर्ज लिहायला घेतले. नदीकाठी फिरायला जागा हवी. मागणी काही चुकीची नव्हती. त्या अर्जांतून एक फाईल निघाली, तिच्यावर 'नदीकाठ सुशोभीकरण व पदपथ' असं लिहिलेलं होतं, आणि ती फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. लांबी साडेसहाशे मीटर.

फाईलबरोबर बाहेरून आलेल्या एका सल्लागाराचा रंगीत नकाशा होता. त्यात ताडाची झाडं होती, दगडी बाकं होती, फोटो काढायला एक गोल चौथरा होता. कुत्रा घेऊन चाललेली एक बाईही काढली होती. वखारींच्या जागी फिकट हिरवा रंग होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सध्या ग्रीन दाखवलंय," सल्लागार म्हणाले.

"तिथं आरे चालतात. माणसं काम करतात."

"हो, ते नंतर बघू."

आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त निवृत्तीपर्यंत शांतता हवी होती. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जागेवर बघून घ्या. वाद तेवढा नको."

फूटपाथ करायचा तर त्या रस्त्यावर कोण चालतं ते आधी बघायचं असतं. हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि कुणीही करत नाही, कारण त्यासाठी सकाळी लवकर उठावं लागतं. मी सात वाजता टेप आणि वही घेऊन पुलाच्या कठड्यापाशी उभी राहिले. फिरायला आलेली चार माणसं दिसली. कामावर जाणारी मोजता मोजता वहीची पानं भरली. डबे घेतलेले सुतार, वेल्डर, हातगाडीवाले, लेकरू कडेवर घेतलेल्या बाया. सगळे रस्त्याच्या मधून. त्यांच्या मागं ट्रक हॉर्न वाजवत. आणि मग डोक्यावर फुगलेली पोती घेतलेल्या सहा बायका, एकीमागं एक.

या बायकांचं काम काय ते सांगते. वखारीत लाकूड कापलं की भुसा पडतो. बर्फाच्या लाद्या लवकर वितळू नयेत म्हणून त्या भुशात ठेवतात. तेव्हा वखारीतला भुसा पोत्यात भरायचा आणि डोक्यावरून बर्फाच्या कारखान्यात पोचवायचा, हे या सहा जणींचं काम. दिवसभर खेपा. भुसा वजनाला हलका, पण पोतं एवढं रुंद की खालच्या बाईला स्वतःच्या पायापुढचं दिसत नाही. पुढची बाई गयाबाई. पन्नाशीच्या, काटकुळ्या, नऊवारीचा काचा घट्ट मारलेल्या. त्याच सगळ्यांना वाट दाखवायच्या.

"तुम्ही कडेनं का चालत नाही?" मी त्यांना विचारलं.

त्यांनी पोतं न उतरवता माझ्याकडं बघितलं. "कड कुठंय? दाखवा, तिथनं चालते."

कडेला सागाचे ओंडके पडले होते, त्यापुढं अर्धा बांधलेला ट्रक, त्यापुढं राडारोडा.

"तुमी मोजाय आलाव व्हय?"

"इथं फूटपाथ करायचाय. तुमच्यासाठी."

"आमच्यासाठी," त्या मागच्या बाईकडं बघून म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पाऊसकाळ जाऊ द्या. आत्ता खणलं तर हाय तेवढी वाटबी ऱ्हायची नाय."

त्या फाईलवर पुढं पुष्कळ मोठमोठ्या लोकांनी शेरे मारले. त्यातला एकही याच्याइतका उपयोगाचा नव्हता. मी काम पावसाळ्यानंतर धरलं.

सगळ्यात मोठी वखार रशीदभाईंची. साठीपुढचे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. फाटकाशी एका ओंडक्यावर बसून असायचे. माझ्याशी मराठी बोलायचे, कामगारांशी दखनी, आणि चिडले की दोन्ही एकदम. मी नकाशा उलगडला.

"मॅडम, यात मी कुठं आहे?"

मी बोट ठेवलं.

"हे हिरवं? हौ. मतलब मैं झाड हो गया."

मी सांगितलं की नकाशा बदलणार आहे, वखारी आहेत तिथंच धरून फूटपाथ करायचाय. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. "बसा. आत्ता ट्रक येतोय. खाली होताना बघा, मग बोला."

ट्रक आला. तो फाटकातून सरळ आत जात नाही, अख्खा रस्ता आडवा करून मागं मागं येतो. दोन माणसांनी दोर सोडले आणि माझ्या कमरेएवढ्या घेराचा ओंडका खाली आला. माझ्या खुर्चीखालची जमीन हादरली. डांबरात खळगा पडला. असे वीस-बावीस ओंडके उतरले.

"आता सांगा," रशीदभाई म्हणाले, "तुमची फरशी किती टिकेल?"

नकाशातली फरशी संध्याकाळपर्यंतही टिकली नसती. मी घरी जाऊन आठवडाभर सगळं नव्यानं मांडलं. बाहेरच्या माणसाला वाटतं फूटपाथ म्हणजे रस्त्याशेजारचा उंच ओटा. पण नुसता उंच करून चालत नाही. फार उंच केला तर डोक्यावर ओझं असलेल्या बाईला चढता येत नाही आणि ती पुन्हा रस्त्यावर उतरते. फार बुटका केला तर ट्रक वर चढतो. सहा इंच हे बरं माप. जिथं फाटक आहे तिथं उंची संपवायची, हळू उतार द्यायचा आणि तेवढ्या जागी लोखंड घालून जाड काँक्रीट करायचं, म्हणजे ट्रकही जाईल आणि फूटपाथही फुटणार नाही. रुंदी किती? पोतं घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर कुणी खाली उतरायला नको, एवढी. मी गयाबाईंना आणि दुसऱ्या एकीला पोत्यांसकट उभं करून टेपनं मोजली. सहा फूट आली.

सहा फूट मिळवायचे तर प्रत्येक वखारीची भिंत दोन फूट मागं घ्यायला हवी होती.

"दो फूट?" रशीदभाई म्हणाले. "ही भिंत माझ्या अब्बांनी बांधलीय."

तीन आठवडे मी रोज जात होते. ते रोज चहा पाजत होते आणि रोज नाही म्हणत होते. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "ठीक आहे. पण फूटपाथ झाल्यावर आम्हाला इथून उठवणार नाही, हे लिहून द्या."

मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "लिहून कसं देणार? तोंडी सांगा."

मी तोंडी सांगितलं. "रशीदभाई, हा फूटपाथ तुमच्यासकट होणार आहे. तुम्हाला उठवून नाही." हे शब्द मी पूर्ण विश्वासानं बोलले होते, आणि तसा अधिकार मला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्यांनी भिंत उतरवली. एकेक दगड काढून मागं रचला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही उतरवल्या.

काम सुरू झालं आणि माझ्या डोक्याला खरा ताप तेव्हा सुरू झाला. फूटपाथच्या बरोबर मधोमध विजेचे खांब होते. ते हलवायला वीजवाल्यांना पत्र दिलं. त्यांनी कळवलं की खांब आधीपासून आहेत, तेव्हा फूटपाथ हलवा. खांब शेवटी हलले, पण त्यात वर्ष गेलं. टेलिफोनवाल्यांनी नव्या काँक्रीटला चौथ्या दिवशी खड्डा पाडला, कारण त्यांची केबल तिथं असावी असा त्यांचा अंदाज होता. ती तिथं नव्हती. सल्लागारांनी ट्रकच्या वर्कशॉपसमोर बाक टाकायला लावलं, तिथं दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असत. मी बाक हलवलं, त्यांनी तक्रार केली. फोटोचा गोल चौथरा मी शेवटपर्यंत होऊ दिला नाही, याचा मला आजही आनंद आहे.

मग टाइलची गोष्ट आली. उंच इमारतींच्या सोसायटीचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते, बोलायला फार मऊ. त्यांच्या लोकांना साधं काँक्रीट नको होतं. लाल आणि दुधी रंगाच्या चकचकीत टाइल हव्या होत्या. मी म्हणाले की या रस्त्यावर बर्फाच्या कारखान्याचं पाणी येतं, भुसा सांडतो, अशा टाइलवर पाय ठरणार नाही. अध्यक्ष वर जाऊन बोलले. साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, रुंदी तुमच्या मनासारखी झाली ना? वखारी राहिल्या ना? आता टाइल त्यांच्या मनासारखी होऊ द्या. वाद नको."

मी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. दमले होते, एवढंच कारण. ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. ज्यानं कधी मोरी धुतलीय त्याला ते माहीत असतं. मी स्वतःची समजूत घातली की कारखान्याच्या पाण्यासाठी फूटपाथखालून नाली आहे, पाणी वर येणारच नाही. नाली नकाशात होती. कंत्राटदारानं ती नंतर करायची म्हणून ठेवली होती, आणि उद्घाटनाच्या गडबडीत ते नंतर राहूनच गेलं.

उद्घाटन झालं, फुगे लावले, भाषणं झाली. आठ-दहा दिवसांनी भर दुपारी रशीदभाईंचा फोन आला. "मॅडम, गयाबाई गिर गई. या तुम्ही."

मी पोचले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. कारखान्याच्या फाटकाजवळ टाइलवरून पाणी वाहत होतं. पोतं फुटून भुसा सगळीकडं पसरला होता आणि ओला होऊन चिकटला होता. त्यात एक चप्पल पडलेली होती. मी त्या टाइलवर एक पाऊल टाकलं आणि माझाही पाय सरकला. रशीदभाईंनी दंडाला धरलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. गयाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. सून उशाशी होती. मी स्टूलावर बसले.

"तुमी म्हणला व्हता आमच्यासाठी हाय," गयाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग ती गुळगुळीत फरशी कुणी घातली?"

"वरून ठरलं."

"वरून म्हंजी कुठनं? सही कुणाची हाय?"

"माझी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बाकीच्या पाच जणी अजून त्याच्यावरनंच चालत्यात. त्यांचं बघा आधी."

मी साहेबांना टिपणी लिहिली, टाइल काढणं आवश्यक. आठवडा गेला. उत्तर आलं, अहवाल सादर करा. अहवाल दिला. उत्तर आलं, सल्लागारांचं मत घ्या. सल्लागारांचं मत पडलं की बायकांनी योग्य पादत्राणं वापरावीत. ते पत्र मी दोनदा वाचलं. मग बॅग उचलली आणि साइटवर गेले.

साइटवर एक वही असते. इंजिनिअरनं तिच्यात हुकूम लिहिला की कंत्राटदाराला तो पाळावा लागतो, आणि जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. मी लिहिलं, सर्व टाइल काढाव्यात, नाली आजच सुरू करावी. खाली सही केली. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, माझी माणसं आज दुसरीकडं आहेत."

रशीदभाई फाटकातून ऐकत होते. ते आत गेले आणि पाचच मिनिटांत त्यांची, शेजारच्या वखारीची, ट्रकच्या वर्कशॉपची अशी पंधरा-वीस माणसं पहारी घेऊन बाहेर आली. कंत्राटदाराची माणसं मग लगेच सापडली. तीन दिवसांत साडेसहाशे मीटर टाइल निघाली. मी तिन्ही दिवस उन्हात उभी होते. भुशाच्या खेपा तेवढ्यापुरत्या रशीदभाईंनी हातगाडीवरून पाठवल्या.

टाइलच्या जागी आम्ही साधं काँक्रीट घातलं आणि ते ओलं असताना त्यावरून खराटा ओढला. त्यानं बारीक आडव्या रेघा उमटतात, आणि पाणी सांडलं तरी पाय धरून राहतो. याच्याहून स्वस्त आणि चांगली युक्ती माझ्या धंद्यात दुसरी नाही. सोसायटीचे अध्यक्ष बघायला आले. "दिसायला अगदीच साधं झालं हो," ते म्हणाले. मी म्हणाले, "हो, साधंच आहे."

नोटीस आली. शासकीय मालमत्तेचं नुकसान. मी उत्तरात गयाबाईंच्या ऑपरेशनचा कागद जोडला आणि लिहिलं की टाइलच्या मंजुरीवर माझी सही होती, तीही चूक माझीच, तिचीही चौकशी व्हावी. ती चौकशी कुणालाच नको होती, कारण ती वर गेली असती. प्रकरण तसंच पडून राहिलं. माझी एक बढती उशिरा झाली. मला त्याचं फारसं वाटलं नाही. वाईट वाटायचं ते गयाबाईंना काठी टेकत येताना बघून. त्यांना पुन्हा पोतं उचलता आलं नाही. रशीदभाईंनी त्यांना फाटकाशी पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं.

दोनेक वर्षं तो रस्ता खरोखर चांगला चालला. लाकडाचे ट्रक दुपारी यायचे ठरले, सकाळ-संध्याकाळ कामावर जाणाऱ्यांची. सकाळी सोसायटीची माणसं बूट घालून फिरायची, त्यांच्या शेजारून डबेवाले सुतार जायचे, पोतीवाल्या बायकांना लोक बाजू द्यायचे. मी कधीकधी काम नसताना तिथून चक्कर मारायचे. मी बांधलेल्या पुलांवर अशी चक्कर मारावी असं मला कधी वाटलं नाही.

मग पुन्हा अर्ज आला. त्याच सोसायटीचा, त्याच मऊ भाषेत. पदपथ उत्तम झाला असून नागरिक मोठ्या संख्येनं लाभ घेत आहेत. तथापि भुसा आणि आऱ्यांचा आवाज यांमुळं फिरणाऱ्यांना त्रास होतो, तरी वखारी अन्यत्र हलवाव्यात. मी तो अर्ज वाचला आणि त्यावर टेबलावरचा पेपरवेट ठेवला. चालायला वाट नव्हती तोवर त्या वखारी कुणाला दिसत नव्हत्या. मी वाट करून दिली आणि त्या दिसायला लागल्या.

मी फाईलवर विरोधात तीन पानं लिहिली. लिहिलं की या पदपथाला जागा वखारवाल्यांनीच दिली आहे. शेरा पडला, नोंद घेतली. जागेचा ताबा, जुने कागद, भाडेपट्टे असं बरंच पुढं निघालं, ते माझ्या खात्याचं नव्हतं. वखारींना फुलंब्रीच्या रस्त्याला, शहराबाहेर, नवी जागा दिली गेली. बर्फाचा कारखाना त्याआधीच बंद पडला होता.

माझी निवृत्ती महिन्यावर आली असताना रशीदभाई ऑफिसात आले. ते कधी ऑफिसात आले नव्हते. मी उभी राहिले.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," मी म्हणाले.

"दिया था. मेरेकु तब भी मालूम था, वो तुमच्या हातात नाही."

"मग भिंत का उतरवली?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या बायका रोज माझ्या ट्रकांसमोरून जायच्या. एखादी चाकाखाली आली असती तर मी काय करणार होतो? भिंत त्यासाठी उतरवली. तुमच्यासाठी नाही, मॅडम. मन को लगा के मत बैठो."

मला धीर द्यायला ते तसं म्हणाले असतील. मी अजून ठरवू शकले नाही.

निवृत्तीनंतर एकदा सकाळी मी त्या काठावर गेले. गयाबाई भेटल्या. नवी वखार त्यांना लांब पडते, म्हणून काम सुटलंय. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून काठी घेऊन तिथंच येतात. आम्ही बाकावर बसलो.

"परवा त्या बिल्डिंगचा वाचमन मला म्हणला, आजी, कुठं निगालाव? हितं सोसायटीची माणसं चालत्यात."

मला संताप आला. मी उठणार होते, त्यांनी हात धरून बसवलं.

"मी सांगितलं त्याला. म्हणलं, ह्या वाटंवर माझं हाड मोडलंय. तुमच्या सोसायटीतलं कुणाचं मोडलं आसंल तर बोलाव त्याला. मग गप बसला." त्या हसल्या. "आता राम राम करतो."

वखारीची नवी जागा बघायला मी नंतर गेले. रशीदभाईंनी चहा पाजला. फाटक मोठं, जागा मोकळी, सगळं चांगलं. पण रिक्षा फाट्यावर सोडते आणि तिथून वखारीपर्यंत हायवेच्या कडेनं चालत यावं लागतं. कड म्हणजे हातभर मुरूम आणि त्यापुढं खड्डा. जुन्यांपैकी तीन बायका अजून भुसा भरायला येतात, तो आता वीटभट्ट्यांना जातो, गयाबाईंची सून त्यांत असते. ट्रक अंगावरून जातात. मी रस्त्याकडं बघत राहिले.

मी अर्ज केला. आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतले, आता स्वतः रांगेत उभी राहिले. एका ऑफिसनं सांगितलं, रस्ता आमचा, कड आमची नाही. दुसऱ्यानं सांगितलं, कड आमची, पण गटार तिसऱ्यांचं. तिसऱ्या ऑफिसात मी दर मंगळवारी जाऊन बसायला लागले. तिथली कनिष्ठ अभियंता अश्विनी नावाची मुलगी आहे, हुशार, टेबलावर फाईलींचा ढीग. पाचव्या की सहाव्या मंगळवारी ती वैतागून म्हणाली, "मॅडम, तिथं असं किती लोक चालतात हो?"

"मला विचारू नका. सकाळी या आणि बघा."

ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्कूटरवर, टेप घेऊन. फाट्यावर रिक्षा थांबली, बायका उतरल्या आणि चालायला लागल्या. अश्विनी पुढं झाली. "थांबा जरा, तुमच्याशी बोलायचंय. माप घ्यायचंय."

गयाबाईंची सून थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "आमाला टाइम नाय, मॅडम. आठला फाटक लागतं. तुमीच चला आमच्यासंगं."

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. तिनं टेप बॅगेत टाकला आणि त्यांच्या मागं निघाली. मी फाट्यावरून बघत होते. शंभरेक पावलांवर मागून एक ट्रेलर आला. बायका सवयीनं खड्ड्याच्या काठाला सरकल्या. अश्विनीला ते माहीत नव्हतं. सुनेनं तिला मनगटाला धरून ओढलं आणि ट्रेलर निघून गेल्यावर सोडलं. धूळ खाली बसेपर्यंत मला कुणीच दिसलं नाही. मग चौघीही दिसल्या, चालत होत्या.

अश्विनी वखारीपर्यंत गेली आणि परत चालत आली. तिच्या कपड्यांवर मुरुमाची लाल धूळ होती, चेहरा उतरलेला. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, टेप बाहेर काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"मॅडम, हे धरा," ती म्हणाली. "इथून सुरू करू."